कट्ट्यावर राहिलेला दगड

दाजींचा फोन आला तेव्हा मी फाउंड्रीत होतो आणि एक मोल्ड बिघडला म्हणून आरडाओरडा करत होतो. आरडाओरडा हा माझा स्वभावच आहे. बायको म्हणते, भट्टी विझली तरी चालेल, तुमच्या तोंडच्या वाफेवर लोखंड वितळेल. दाजी फोनवर एवढंच म्हणाले, "पाव्हणं, रविवारी या. खाणीच्या मॅडम येनार हाईत." आणि ठेवून दिला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. खानापूरच्या पुढं, भाताची खाचरं संपून जंगल सुरू होतं तिथं त्यांचं गाव. गावामागच्या डोंगरात मँगनीजची जुनी खाण आहे. मला कळायला लागल्यापासून ती बंदच. गावातली माणसं मँगनीज म्हणत नाहीत, काळा दगड म्हणतात. हातात घेतला तर जड लागतो आणि बोटं काजळ लावल्यासारखी काळी होतात. आम्ही फाउंड्रीवाले तोच माल, शुद्ध होऊन आलेला, भट्टीत टाकतो. अलीकडं त्याला मागणी वाढली, तशी एका कंपनीला या डोंगराची आठवण झाली. सगळ्या खात्यांच्या परवानग्या काढून त्यांच्या एक मॅडम, दगडमातीचं शास्त्र शिकलेल्या, पाहणीला येणार होत्या. त्यांना बोगदा आतून दाखवू शकेल असा गावात एकच माणूस उरला होता. दाजी.

खाण उघडावी असं गावातल्या पुष्कळांना वाटत होतं. पोरं गोव्याला नाहीतर पुण्याला गेलेली, घरात म्हातारीकोतारी माणसं. खाण सुरू झाली तर पोरं परत येतील असा त्यांचा हिशेब. दाजींचं कारण निराळं होतं आणि तेही सगळ्यांना ठाऊक होतं. दाजींना त्या बोगद्यातून आपला थोरला भाऊ बाहेर काढायचा होता.

ती गोष्ट मी आक्काच्या लग्नापासून ऐकत आलोय. दाजी आणि त्यांचा भाऊ दोघंही खाणीत होते. दाजी तेव्हा मिसरूड फुटलेले, भाऊ पंचविशीचा, नुकतंच लग्न झालेला. खाणीत एक रीत होती. आत जाताना प्रत्येकानं उतारावरचा एक दगड उचलायचा आणि तोंडाशी बांधलेल्या कट्ट्यावर ठेवायचा. बाहेर आलं की आपला दगड आपणच उचलून खाली दरीत फेकायचा. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. संध्याकाळी मुकादम कट्टा बघायचा. रिकामा असला तर फाटकाला कुलूप. एक जरी दगड असला तर आत माणूस आहे, आणि तो सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

एका संध्याकाळी आतला भाग कोसळला. सगळे बाहेर पळाले. पळतानाही प्रत्येकानं आपापला दगड उचलला, एवढी ती सवय अंगात भिनलेली. कट्ट्यावर एक दगड राहिला. दाजींच्या भावाचा. माणसं परत आत शिरायला निघाली तर मुकादमानं अडवलं. म्हणाला, तो बाहेर आलाय, मी माझ्या डोळ्यांनी त्याला लोंढ्याच्या स्टेशनाच्या वाटेला लागलेला बघितलाय, घाबरून पळाला, उगीच खणू नका, तुम्हीपण मराल. भाऊ गोव्याला जातो, गोव्याला जातो असं वडिलांशी भांडून म्हणायचा, हेही खरं होतं. त्यामुळे निम्म्या माणसांना मुकादमाचं पटलं. मालकाला तर पटणारच. न खणता सुटका झाली. पुढं थोड्याच दिवसांत खाण बंद पडली.

भाऊ परत आला नाही. पत्रही आलं नाही. मग एक दिवस घरात चार वडीलधारी जमली, आणि त्यांच्यासमोर दाजी उभे राहून म्हणाले, "मानूस जेवायचं इसरंल, पर दगड इसरनार न्हाय. माझा भाऊ आतच हाय." त्या एका वाक्यावर भावाचे दिवस घातले. दर्भाचा पुतळा करून जाळला. थोरल्या वहिनींच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. वहिनींचे भाऊ बोरगावकडून त्यांना न्यायला आले होते. त्या गेल्या नाहीत. त्याच घरात राहिल्या, आक्काची बाळंतपणं त्यांनीच काढली, आणि आक्काची पोरं त्यांच्या पदराखालीच वाढली.

रविवारी सकाळी मी पोचलो तर दाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अंगणात येरझारा घालत होते. बोगद्यात जायला पांढरा शर्ट! मी म्हटलं, "दाजी, मुलगी बघायला चाललाय काय?" ते हसले नाहीत. एरवी माझ्या प्रत्येक टोमण्याला दुप्पट टोमणा देणारा माणूस. मला तेव्हाच बरं वाटेना.

आक्कानं मला चुलीपाशी ओढलं. थोरल्या वहिनी परसात भांडी घासत होत्या, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती कुजबुजत होती.

"त्या बाईला काय बी करून हो म्हनायला लाव. तुला फाउंड्रीतलं कळतंय, दोन शबूद चांगलं बोल."

"माझ्या शब्दावर खाणी उघडायला मी काय मंत्री आहे?"

"चेष्टा करू नगं रं. रात-रात झोपत न्हाईत. भाऊ दिसतोय म्हंत्यात, मातीखालनं हात वर करतोय म्हंत्यात. एकदा हाडं गावली, पान्यात सोडली, म्हंजे सुटतील ते. आनि तू संगट आत जा. एकटं सोडू नगंस."

मला बोगद्यांची भीती वाटते. लिफ्टमध्येही मी शक्यतो जात नाही. पण हे थोरल्या बहिणीला सांगायची सोय नसते. मी हो म्हटलं.

मॅडमची जीप दहाच्या सुमारास आली. मॅडम तिशीच्या, बळ्ळारीकडच्या, कन्नड बोलणाऱ्या, मराठी कळणाऱ्या पण बोलताना अडखळणाऱ्या. पायात जाड बूट, पाठीला पिशवी, हातात हातोडी. बरोबर ड्रायव्हर, चिकोडीचा, पोट सुटलेला, तोंडात कायम गुटखा. तो दोन्ही भाषांत सारखाच कमी बोलायचा. नमुन्यांची पिशवी उचलायचं काम त्याच्याकडं होतं आणि ते त्याला अजिबात पसंत नव्हतं.

जीप डोंगराच्या पायथ्याशी ठेवून आम्ही झाडीतून वर चढलो. बोगद्याचं तोंड रानवेलींनी निम्मं झाकलेलं. आतून थंड हवेचा झोत येत होता आणि त्याला वटवाघळांचा उग्र वास. मुखाच्या उजव्या हाताला तो कट्टा, शेवाळ धरलेला.

दाजींनी खाली वाकून एक दगड उचलला, कपाळाला लावला आणि कट्ट्यावर ठेवला. मग आमच्याकडं बघितलं. मी ठेवला. मॅडमनी विचारलं, हे काय? मी कन्नडमध्ये समजावलं. त्यांना ते आवडलं. "चांगली पद्धत आहे," त्या म्हणाल्या आणि चांगला पारखून एक दगड ठेवला. ड्रायव्हरनं पायाजवळचा एक खडा उचलून कट्ट्यावर टाकला. दाजी त्याला म्हणाले, "भाईर आल्यावर आपला आपुन उचलायचा बगा. इसरायचं न्हाय." तोंड भरलेलं असल्यामुळे त्यानं नुसती मान डोलावली.

आत शिरल्यावर दहा पावलांत उजेड संपला. पायाखाली घोट्याएवढं गार पाणी वाहत होतं. डोक्यावरचे जुने लाकडी टेकू काळे पडून फुगलेले, काही ठिकाणी नुसते सालपटासारखे लोंबत होते. मी मॅडमनी दिलेल्या हेल्मेटच्या दिव्याचा उजेड दाजींच्या पाठीवर ठेवून चालत होतो. इकडं तिकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं. दाजी मात्र घरातल्या माजघरात फिरावं तसे चालले होते. इथं वाका, इथं डाव्या अंगानं, इथं खड्डा हाय. पन्नासेक वर्षं झाली असतील, पण त्यांचे पाय विसरले नव्हते.

मॅडम मधेमधे थांबून भिंतीवर हातोडी मारायच्या, तुकडा भिंगाखाली धरायच्या. एका जागी त्यांनी पिशवीतून छोटी बाटली काढली. जखमेवर घालतो तेच फेसाचं औषध. त्याचे दोन थेंब काळ्या दगडावर टाकले, आणि दगड दूध उतू जावं तसा फसफसला. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं. "सर, भारी माल आहे," त्या मला म्हणाल्या. मी दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, "ते म्हाईत हाय. फुडं चला."

पुढं बोगदा संपत होता. म्हणजे संपवलेला होता. समोर छतापर्यंत मातीदगडांचा ढीग, त्यातून तुटक्या लाकडांची टोकं बाहेर आलेली. हीच ती जागा. दाजी ढिगासमोर उभे राहिले आणि त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. मला काय करावं कळेना. मीही काढलं.

ड्रायव्हरनं पिशवी ढिगाशी टेकवली आणि नाकाला रुमाल लावून मागं सरकला. मॅडम बराच वेळ ढिगावर उजेड टाकत राहिल्या, बाजूची भिंत ठोकत राहिल्या. मग म्हणाल्या की मालाची शीर या ढिगाच्या पलीकडं जातेय. कंपनीला त्या हेच लिहिणार, की पहिलं काम हा बोगदा साफ करायचं.

दाजींनी मला विचारलं, "काय म्हनत्यात?" मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. मग त्यांनी मॅडमनाच विचारलं, "म्हंजे हे समदं भाईर काढनार?"

"हौदु, आप्पा. सगळं काढायला पाहिजे."

दाजी भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी वर्षं हा माणूस ज्याच्यासाठी अर्ज करत आला, आमदारांच्या दारात बसला, गावाच्या थट्टेला तोंड देत आला, ते एका तरुण बाईनं औषधाची बाटली हलवत हो म्हणून टाकलं होतं. मॅडमना आणखी एक बाजूची चिंचोळी वाट बघायची होती. आम्ही तिघं तिकडं वळलो. ड्रायव्हर मागं आहे असंच मी धरून चाललो.

त्या वाटेत आम्ही असताना आवाज झाला. फार मोठा नाही. कुणीतरी पोत्यातून बटाटे ओतावेत तसा. मग धूळ आली. मॅडम कन्नडमध्ये काहीतरी ओरडल्या आणि आम्ही पाण्यातून धावत सुटलो. कसं धावलो ते मला आठवत नाही. फक्त समोरचा उजेडाचा गोळा मोठा होत गेला एवढं आठवतं.

बाहेर आल्यावर मी गुडघ्यावर बसून खोकत राहिलो. मॅडमनी आपला दगड उचलून फेकला. मी फेकला. दाजींनी फेकला.

कट्ट्यावर एक राहिला.

"डायवर कुठं हाय?" दाजी म्हणाले.

मी मोठ्यानं हाक मारली. मॅडमनी फोन काढला, पण डोंगरावर रेंज कुठली. "गाडीकडं गेले असतील," त्या म्हणाल्या. दाजींनी दगडाकडं बोट दाखवलं, एवढंच, आणि आत वळले. मी त्यांचा शर्ट धरला. तो फाटला, पण ते थांबले नाहीत.

"दाजी! आधी गाडी तरी बघू या!"

अंधारात त्यांचा दिवा एकदा हलला आणि वळणावर नाहीसा झाला.

मी खाली धावायच्या तयारीत होतो, तोच झाडीतून आक्का वर आली. हातात चहाची किटली, पेले, धापा टाकत. म्हणाली, "ह्ये काय, एवढ्यात भाईर? त्यो तुमचा डायवर तर गाडीत काचा वर करून घोरालाय. म्या चा घे म्हनलं तर..."

माझा चेहरा बघून ती थांबली. तिनं कट्ट्यावरचा दगड बघितला, फाटलेल्या शर्टाचा माझ्या हातातला तुकडा बघितला. तिला काही सांगावं लागलं नाही. कुणीतरी आत आहे असं वाटल्यावर दाजी तो सापडल्याशिवाय बाहेर येणार नाहीत, हे माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत होतं. आणि आत कुणीच नव्हतं.

"तू जा," आक्का म्हणाली. "म्या त्याला घेऊन येतो. मानूस बगितल्याबिगर त्यास्नी पटायचं न्हाय." किटली तिथंच टाकून ती परत उतारावरून पळत सुटली. साठी गाठलेली बाई.

मी आत गेलो. शूर म्हणून नव्हे. बाहेर मॅडम उभ्या होत्या, खाली बहीण पळत होती, आणि मी तिथं उभा राहिलो असतो तर पुढं आक्काला तोंड दाखवता आलं नसतं. प्रत्येक पावलाला मी कंपनीला, मँगनीजला आणि त्या गुटखा खाणाऱ्याला शिव्या देत होतो. शिव्यांचा आवाज भिंतींवरून परत येत होता, तेवढीच सोबत.

दाजी ढिगाशी गुडघ्यावर बसले होते आणि दोन्ही हातांनी माती उपसत होते. ढिगाचा वरचा भाग खाली घसरला होता. ताज्या मातीतून नमुन्यांच्या पिशवीचा पट्टा बाहेर आला होता. पट्टा बघून त्यांची खात्री झाली असणार. दाजी उपसत होते आणि त्यांनी उपसलेल्याच्या जागी वरून आणखी खडे येत होते.

"दाजी, उठा. तो बाहेर आहे. गाडीत झोपलाय."

त्यांनी मान वर केली नाही. "पिशवी हितं हाय त्याची."

"पिशवी ठेवून गेला. आक्कानं बघितलंय त्याला."

"खोटं बोलू नगासा, पाव्हणं. मुकादम पन असंच म्हनालता."

त्या वाक्यानं मी गारच झालो. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. त्यांनी मला असं ढकललं की मी पाण्यात बसलो. पासष्टीचा माणूस, पण हातात काय जोर! "दगड हाय भाईर!" ते ओरडले. "तवा मी गप बसलो, आता बसनार न्हाय!"

डोक्यावरचा टेकू कुरकुरला. माझ्या मानेवर माती पडली. मी त्यांच्या पायांना मिठी मारून बसलो आणि रडत होतो, ओरडत होतो, काय बोलत होतो देव जाणे. आक्काचं नाव घेतलं, त्यांच्या मुलाचं नाव घेतलं. ते उपसतच होते. बोटांतून रक्त येत होतं.

मागून पाण्याचा चुबूक चुबूक आवाज आला. फोनचा उजेड हलत येत होता. आक्कानं ड्रायव्हरच्या मनगटाला धरून त्याला ओढत आणलं होतं, आणि तो मागं मागं खेचत होता. वळणावर तो थांबला. पुढं यायची त्याची छाती होईना. तिथूनच ओरडला, "अण्णा! ना इल्ले अदीनी! मी हितंच हाय!"

दाजींचे हात थांबले. त्यांनी वळून हेल्मेटचा दिवा त्याच्या तोंडावर टाकला. तो डोळे मिचकावत उभा होता, ओठांच्या कडेला गुटखा, गालावर गाडीच्या सीटच्या रेघा उमटलेल्या.

माझी समजूत होती की दाजी सुटकेचा श्वास टाकतील, नाहीतर त्याच्या मुस्काटात मारतील. मी असतो तर मारलीच असती. दाजी त्याच्याकडं नुसते बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधीही न बघितलेली भीती होती. माती कोसळत असतानाही ती नव्हती. मग ते उठले आणि आमच्या पुढं होऊन मुकाट्यानं बाहेर चालत गेले.

बाहेर आल्यावर मॅडम ड्रायव्हरवर तुटून पडल्या. तो सांगत होता, वासानं मळमळायला लागलं, बाहेर आलो, खाली गेलो, झोप लागली. दगड? दगड ध्यानातच राहिला नाही. त्यात एवढं काय?

दाजी कट्ट्यासमोर उभे होते. "ध्यानात ऱ्हात न्हाय," ते स्वतःशीच म्हणाले. "मानूस भाईर येतोय, आनि ध्यानात ऱ्हात न्हाय." आक्कानं त्यांच्या बोटांना पदर गुंडाळला. त्यांना ते कळलंही नाही.

मॅडम माझ्याजवळ येऊन म्हणाल्या की झालं ते वाईट झालं, पण अहवाल त्या चांगलाच देणार. टेकू बसवून, यंत्र लावून काम केलं तर धोका नाही. पावसाळ्यानंतर साफसफाई सुरू होईल. मी ते दाजींना सांगितलं, जरा उत्साहानंच, कारण त्यांना तेवढाच दिलासा.

"नको," दाजी म्हणाले.

"काय नको?"

"त्यास्नी सांगा, उघडू नका म्हनावं."

माझं डोकं फिरलं. कपडे ओले, मानेत माती. मी म्हटलं, "दाजी, सगळी हयात तुम्ही हेच मागत आलात. आता हातात आलंय तर नको?"

"आनि उघडल्यावर आत कुनी न्हाय निगालं तर?"

आक्का मटकन कट्ट्यावर बसली. भाऊ मातीखाली आहे हे दुःख दाजींनी जन्मभर सांभाळलं होतं, त्याच्या जोरावर ते जगत होते. पण तो त्या संध्याकाळी बाहेर आला असेल, दगड विसरला असेल, लोंढ्याच्या वाटेनं खरंच चालत गेला असेल आणि कुठंतरी इतकी वर्षं जगला असेल, तर? मुकादम खरं बोलला असेल तर? मग आपल्या त्या एका वाक्यावर ज्या बाईच्या बांगड्या फोडल्या, तिला काय सांगायचं?

उतरताना ते एवढंच बोलले, "वैनीस्नी यातलं काय सांगू नगासा."

घरी थोरल्या वहिनींनी स्वयंपाक करून ठेवला होता. ड्रायव्हर आमच्याआधी खाली उतरून पोचला होता आणि ओट्यावर बसून जेवतही होता. मॅडम अंगणात फोनवर बोलत होत्या. आम्ही तिघं आत पाटावर बसलो. वहिनींनी दाजींच्या बोटांकडं बघितलं, काही विचारलं नाही, भात वाढला, आमटी वाढली.

"उघडनार काय खान?" त्यांनी विचारलं.

"न्हाय वैनी," दाजी खाली बघून म्हणाले. "माती लई हाय. न्हाय जमायचं म्हंत्यात."

वहिनी आमटीची पळी भांड्यात ठेवून तिथंच खाली बसल्या. "त्यो डायवर सांगत हुता. दगड ठेवून आला, ध्यानात न्हाय ऱ्हायलं म्हनं."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं.

"बांगड्या फोडल्या त्याच्या आदल्या दिशी म्या मामंजीस्नी म्हनालते," वहिनी म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, मीठ कमी आहे का विचारावं तसा. "म्हनालते, एकदा गोव्याकडं कुनाला तरी धाडा, बगून येऊ देत. ते म्हनाले, धाकला दगडाचं सांगतोय ते काय खोटं हाय व्हय? मग म्या परत इच्यारलं न्हाय."

दाजींनी हातातला घास ताटात ठेवला आणि दोन्ही हात जोडले. वहिनींनी त्यांचे जोडलेले हात हातानंच खाली केले.

"रडू नगासा भावजी. तुमी लहान हुतासा. मला एवढंच सांगा, आता धाडतासा काय कुनाला?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. "मी जातो," मी म्हणालो. कुठं जायचं, कुणाला विचारायचं, मला काही माहीत नव्हतं, पण दुसरं काय म्हणणार होतो.

वहिनी माझ्याकडं वळून बसल्या आणि नीट, सावकाश सांगू लागल्या, म्हणजे माझी चूक होऊ नये. डाव्या भुवईवर वण हाय. चालताना खांदा वाईच तिरका धरत्यात. उंच हाईत, दरवाजातनं वाकून यावं लागतंय. दात लई सारखे हाईत. केस दाट, काळेभोर, कितीबी तेल घाला, कपाळावर येत्यात. त्या सांगत होत्या तो माणूस पंचवीस वर्षांचा होता, माझ्या मुलाएवढा. आमच्यापैकी कुणीही त्यांना थांबवलं नाही.